संचालकांच्या सवलती, वसुली आणि दोन वर्षांची मुदत

सांगलीचे एक निवृत्त वाचक लिहितात की, त्यांचे समभाग असलेल्या सूचीबद्ध कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक तीन वर्षांपासून कंपनीच्या खर्चाने मुंबईत सदनिका वापरतात आणि सहकुटुंब परदेशवाऱ्या करतात. वार्षिक अहवालात मात्र ‘नियमानुसार इतर सवलती’ एवढाच उल्लेख असतो आणि सभेत विचारले असता अध्यक्षांनी उत्तर टाळले. आता काय करता येईल, असा त्यांचा प्रश्न आहे. अशी पत्रे वारंवार येतात आणि जवळजवळ प्रत्येकात संतापच असतो, मूळ ठरावाचा पत्ता नसतो.

कंपनी कायदा, २०१३ मधील मोबदल्याच्या व्याख्येत आयकर कायद्याने सवलत मानलेल्या गोष्टींचाही समावेश आहे, त्यामुळे मोफत घर मोबदल्यातच धरले जाईल यावर वाद नको. परदेशवारीबाबत मी इतके ठामपणे बोलणार नाही, कारण ती कामासाठी होती असे कंपनी म्हणेल आणि मग प्रश्न पुराव्याचा होईल.

आपले प्रकरण कलम १९७ च्या पोटकलम ९ आणि १० वर ठरेल. आवश्यक मंजुरीवाचून किंवा मर्यादेबाहेर घेतलेली रक्कम संचालकाने दोन वर्षांच्या आत, किंवा कंपनी ठरवील त्याहून कमी मुदतीत, परत करायची असते आणि तोवर ती त्याच्याकडे कंपनीची विश्वस्त ठेव असते. ही वसुली संचालक मंडळ आपल्या अधिकारात सोडून देऊ शकत नाही. त्यासाठी रक्कम परत करण्याजोगी झाल्यापासून दोन वर्षांच्या आत भागधारकांचा विशेष ठराव व्हावा लागतो. ही मुदत नेमक्या कोणत्या दिवसापासून मोजायची यावर मतभेद होऊ शकतो, पण पहिल्या वर्षाची रक्कम तिच्या बाहेर गेलेली असण्याची शक्यता आहे. तसे असेल आणि माफीचा ठराव झालेला नसेल, तर ती रक्कम आता भागधारकांनाही माफ करता येणार नाही.

असा ठराव झाला आहे का, हे आपल्याला ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. सभेच्या नोटिसा आपण उघडत नाही आणि ई-मतदानात सगळ्या ठरावांवर ‘बाजूने’ अशी नोंद करून मोकळे होता, असे आपणच लिहिले आहे. नेमणुकीच्या वेळी सदनिकेला किंवा नंतर माफीला आपणच संमती दिली असेल, तर उरलेली तक्रार फार तर अपुऱ्या खुलाशाची राहील.

म्हणून आधी कागद मिळवावेत. कलम १९० प्रमाणे व्यवस्थापकीय संचालकांच्या सेवाकराराची प्रत, आणि करार लेखी नसेल तर त्याच्या अटींचे टिपण, नोंदणीकृत कार्यालयात ठेवणे बंधनकारक आहे आणि एकच समभाग असलेल्या सभासदालाही ते विनाशुल्क पाहता येते. (ही सोय खासगी कंपनीच्या भागधारकांना नाही.) कलम ११९ खाली सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते पाहावीत, नेमणुकीच्या ठरावाची आणि त्यानंतरच्या प्रत्येक विशेष ठरावाची प्रत मागावी, शुल्क भरल्यावर ती कामकाजाच्या सात दिवसांत मिळायला हवी. टपाली मतदानाने झालेले ठरावही तपासावेत, कारण सभेला हजर राहणाऱ्यांचेही त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

कंपनी सचिवांना पत्र स्पीड पोस्टने पाठवावे. कलम १९० च्या भंगासाठी कंपनीला होणारा २५,००० रुपयांचा दंड मोठ्या कंपनीला जाणवतही नाही, हे दुर्दैव आहे. तरीही लेखी नकार हाती असेल तर कंपनी निबंधकांकडे केलेल्या तक्रारीला वजन येते. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा विचार आताच करू नये. तेथे गैरव्यवस्थापनाच्या अर्जासाठी साधारणपणे शंभर सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, किंवा भागभांडवलाचा दहावा हिस्सा लागतो. ही अट शिथिल करून घेण्यातच अनेक तारखा जातात आणि तेवढ्या काळात कंपनी दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या रकमा माफ करण्याचा ठराव मांडू शकते. पुढच्या नोटिशीत तो आला, तर विरोधात मत नोंदवावे आणि इतर भागधारकांनाही वेळेत कळवावे, कारण विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मते बाजूने पडावी लागतात.