पुण्यात आयटीत शिरायचंय, तर आधी पायथन शिकू की जावा?

डेटा किंवा एआयकडे जायचं असेल तर बेधडक पायथन. १९९१ पासूनची भाषा आहे, वाचायला सोपी, आणि आकडेमोड व डेटासाठी नमपाय-पांडाजसारख्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) आयत्या मिळतात.

पण क्लासवाले सांगतात तितकी ती गरीब गाय नाही. इनपुट या फंक्शनने युजरकडून ५ घ्या आणि त्याला ३ ने गुणा. उत्तर १५ नाही, ५५५ येतं! कारण ते ५ स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर असतं, आणि गुणलं की तो मजकूर तीनदा जोडला जातो. एरर नाही, काही नाही. जावा असली गुणाकाराची भानगड कंपाइल करतानाच, म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधीच, अडवते. छोट्या स्क्रिप्टमध्ये हे चालून जातं, पण पगाराच्या हिशोबात घुसलं तर शोधता शोधता नाकी नऊ येतात. टाइप हिंट (कुठे आकडा, कुठे मजकूर हे कोडमध्ये लिहिणं) आणि त्या तपासणारं मायपाय हे टूल वापरायची सवय पहिल्यापासून लावा.

वेग कमी आहेच. त्यात जीआयएल या पायथनच्या आतल्या कुलपामुळे एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) पायथन कोड चालवतो. २०२४ च्या पायथन ३.१३ आवृत्तीपासून जीआयएलशिवायची वेगळी बिल्ड (तयार प्रत) मिळते, पण नेहमीच्या बिल्डमध्ये तो आहेच.

हिंजवडी-खराडीतल्या बँकिंग प्रोजेक्टवर डोळा असेल तर मात्र जावाच आधी घ्या. पायथन नंतर पटकन जमते, उलटं जरा जड जातं.