जुना वस्तरा किती उजळावा आणि हात कुठे थांबवावा

तुम्ही लिहिले आहे की आजोबांच्या पेटीतून निघालेल्या वस्तऱ्याच्या बुंध्यावर, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या बोथट भागावर, झोलिंगेन या चाकू-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गावाचा ठसा आहे, पात्यावरची सोनेरी अक्षरे अर्धीमुर्धी उरली आहेत, पाठीलगत काळे डाग आहेत, धारेपाशी तांबूस गंजाचे दोन-तीन ठिपके आहेत आणि मूठ हस्तिदंतासारखी पिवळसर दिसते. त्याला आरशासारखी चकाकी आणावी की आहे तसाच ठेवावा, हा तुमचा प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगतो: दाढी करण्याजोगी धार येण्यासाठी जेवढे काम लागेल तेवढेच करावे आणि चकाकीचा विचार सोडून द्यावा.

पहिले कारण वस्तऱ्याच्या घडणीतच आहे. धार लावताना आपण पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवतो, म्हणजे धारेचा कोन आपला हात ठरवत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून ठरवतात. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ ४.५ मिलिमीटर जाड असेल, तर कोन सुमारे १६ अंशांचा होतो. धारेवरचा गंज काढताना रुंदीतला १ मिलिमीटर गेला, तर तोच कोन १७ अंशांच्या थोडा पुढे जातो. उलट डाग घालवण्यासाठी पाठच घासत बसलो, तर कोन लहान होऊन धार नाजूक बनते. पाठीवरचा काळा डाग दिसायला वाईट असला तरी दाढीच्या आड येत नाही, पण तो काढायला घेतलेला काचपेपर मात्र नक्की येतो.

दुसरे कारण मी स्वतःच्या हाताने शिकलो. माझ्याकडे असेच पातळ, दोन्ही बाजूंनी खोलगट केलेले एक पाते होते, ज्याची धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली तरी लवताना दिसे. ते मी विजेवर फिरणाऱ्या बफच्या चाकाला लावले. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की अक्षरे चारपाच सेकंदांत गेली, आणि ते पाहून हळहळत असतानाच धारेच्या कडेला आधी गवती पिवळी आणि मग निळी छटा उमटली. पोलाद निळे पडते ते साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि वस्तऱ्याला दिलेले पाणी, म्हणजे तापवून आणलेला कडकपणा, त्याच्या बरेच आधी उतरलेले असते. ते पाते आजही देखणे दिसते, पण त्यावर धार टिकत नाही. म्हणून काम हातानेच करावे, आणि बोटांना पाते कोमट जाणवले तरी थांबावे.

गंज आणि काळा थर यांत फरक करायला हवा. तांबूस, भुसभुशीत गंज ओल धरून आत पसरत राहतो, त्यामुळे तो काढलाच पाहिजे. काळा, घट्ट बसलेला थर बहुतेक वेळा स्थिर असतो आणि त्याच्या खाली अनेकदा बारीक खड्डे दडलेले असतात. तो थर खरवडला की खड्डे उघडे पडतात, मग ते बुजेपर्यंत घासावेसे वाटते, आणि त्या नादात बुंध्यावरचा ठसाही पुसट होतो. हे नुकसान नुसत्या सौंदर्याचे नाही. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून तुमच्या ठशात गावाबरोबर ‘जर्मनी’ हा शब्द असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा ठरतो. असा पुरावा घासून घालवण्यात काय अर्थ आहे?

तांबूस ठिपक्यांवर हलके तेल लावून एक दिवस ठेवा आणि मग अगदी बारीक स्टील वूलने पाठीकडून धारेकडे हात ओढत ते पुसा. धारेकडून आत कधीही घासू नका, कारण बोट कापते ते तेव्हाच. पाते बुचाच्या तुकड्यावर आडवे टेकवलेले असावे, आणि सोनेरी अक्षरांना तेलाच्या मऊ फडक्याखेरीज काहीही लागू देऊ नये. त्यानंतर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पूर्ण धार पाहा. ठिपक्याच्या जागी धार किंचित खाल्ली गेली असेल, तर १००० च्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) ती सरळ होते आणि पुढे ४०००, ८००० आणि चामड्याचा पट्टा या क्रमाने पाजळता येते. मात्र धारेपासून आत गेलेली केसासारखी चीर दिसली, तर तो वस्तरा चेहऱ्याला लावू नका. तिथूनच तुकडा उडतो. अशा वेळी तेल लावून ठेवून देणे हीच पूर्ण दुरुस्ती समजावी.

मुठीबद्दल मला जास्त काळजी वाटते. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच मुठी प्रत्यक्षात सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात. मूठ अंगठ्याने जोरात चोळून हुंगा: कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची आहे. नाकाला झोंबणारा आंबूस वास, खिळ्यांभोवती हिरवट चिकटा किंवा बारीक तडे असतील, तर ती कुजू लागली आहे, आणि तिच्यातून सुटणाऱ्या वायूंचे दमट हवेत आम्ल बनून मुठीत मिटलेले पातेच आधी गंजते. वस्तरा मिटल्यावर पात्याचा जो भाग मुठीत झाकला जातो, नेमका तिथेच तुमचे डाग आहेत का, तेही पाहून घ्या. तसे असेल तर खिळ्याचे डोके कानशीने उतरवून मूठ काढा, पाते आणि मूठ वेगवेगळे ठेवा आणि मूठ ज्योतीपासून लांब ठेवा, कारण हा पदार्थ फार चटकन पेटतो. मुळातले खिळे उचकटायला मी एरवी सहसा सांगत नाही. शिंगाची किंवा हाडाची मूठ घट्ट असेल, तर नवा खिळा ठोकताना ती तडकण्याचाच संभव अधिक.

तेव्हा पात्याला हात लावण्याआधी मूठ हुंगून पाहा आणि वास कसा आला ते इथे कळवा. खिळे काढायचे की नाहीत हे त्यावरूनच सांगता येईल.