प्रस्ताव लिहिण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-निधी कार्यक्रमासाठीच्या प्रस्तावातला ‘परिणाम’ हा विभाग तुमच्या गटाने तुझ्यावर सोपवला आहे, तीन आठवडे झाले तरी त्याचे पहिले पान मनासारखे उतरत नाही, आणि बोली ओळखणाऱ्या प्रणालीचा तांत्रिक भाग मात्र तू दोन दिवसांत लिहून मोकळी झालीस, असे तू कळवतेस. तांत्रिक भागात आपण काही सांगतो आणि या भागात नुसते शब्द रचतो, असे तुला वाटते. या वाटण्याचे उत्तर दिल्याशिवाय लेखनाच्या युक्त्या सांगण्यात अर्थ नाही, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

मी पहिला प्रस्ताव लिहिला, तेव्हा माझीही समजूत तुझ्यासारखीच होती. परीक्षक प्रस्ताव तीन निकषांवर तपासतात: वैज्ञानिक गुणवत्ता, परिणाम आणि अंमलबजावणी. तिन्ही निकषांना प्रत्येकी 5 गुण असतात, प्रत्येकात किमान 3 आणि एकूण 15 पैकी किमान 10 मिळवावे लागतात. आम्हाला वैज्ञानिक गुणवत्तेसाठी साडेचार मिळाले, अंमलबजावणीसाठी चार आणि परिणामासाठी अडीच. बेरीज अकरा झाली आणि तरीही प्रस्ताव बाद झाला, कारण एका निकषाचा उंबरठा ओलांडला गेला नव्हता. परीक्षकांच्या अभिप्रायाचे सार एवढेच होते की या कामाचा उपयोग कोण करणार हे कुठेही स्पष्ट होत नाही. मी तो अभिप्राय अन्यायाचा मानून महिनाभर बाजूला ठेवला. पुढे तो शांतपणे वाचला, तेव्हा त्यात एकही चुकीचे वाक्य सापडले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

युरोपीय संघाचा संशोधन निधी चांगल्या कल्पनेला मिळणारे बक्षीस नाही. संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराचे 179 वे कलम तू एकदा मूळ शब्दांत वाच. संघाचा वैज्ञानिक आणि तांत्रिक पाया बळकट करणे, संशोधक, ज्ञान आणि तंत्रज्ञान यांना मुक्तपणे वावरता येईल असे युरोपीय संशोधन क्षेत्र उभे करणे आणि उद्योगांसह संघाची स्पर्धाक्षमता वाढवणे, असे उद्दिष्ट त्यात नोंदवलेले आहे. तुमचा प्रकल्प ज्या पैशातून चालेल त्या पैशाला या वाक्याचा आधार आहे. ‘परिणाम’ हा विभाग म्हणजे या वाक्याशी तुमच्या कामाचे नाते काय, याचे तुम्ही दिलेले उत्तर. निव्वळ वैज्ञानिक गुणवत्तेवर पैसा देणारी युरोपीय संशोधन परिषद 2007 पासून आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण तुम्ही ज्या कॉलला, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या आवाहनाला, उत्तर देत आहात, तो तिचा नाही.

हा पैसा धोरणाला असा का बांधला गेला, हे उगमापाशी गेल्यावर लवकर कळते. 1980 च्या दशकाच्या आरंभी संगणक आणि चिप यांच्या बाजारात युरोपीय कंपन्या अमेरिकी आणि जपानी कंपन्यांच्या मागे पडत चालल्या होत्या, आणि 1982 मध्ये जपानने पाचव्या पिढीच्या संगणकांचा सरकारी प्रकल्प हाती घेतल्यावर ही चिंता आणखी वाढली. युरोपीय आयोगात, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळात, उद्योगाचे खाते सांभाळणारे एत्येन दाविन्यों यांनी सीमेन्स, फिलिप्स, बुल, ऑलिव्हेट्टी, निक्सडॉर्फ, आयसीएल यांसारख्या बारा कंपन्यांच्या प्रमुखांना एका टेबलाशी बसवले, आणि त्या बैठकांतून एस्प्रि हा कार्यक्रम आकाराला आला. 28 फेब्रुवारी 1984 रोजी त्याला मंत्रिपरिषदेची मंजुरी मिळाली. पहिल्या टप्प्याचा खर्च 150 कोटी एक्यू ठरला (युरोच्या आधीचे ते हिशेबाचे चलन), त्यातला निम्मा युरोपीय समुदायाने (आजच्या संघाच्या पूर्वरूपाने) द्यायचा आणि निम्मा भाग घेणाऱ्यांनी सोसायचा, आणि प्रकल्पात एकाहून अधिक देशांतले भागीदार असलेच पाहिजेत. आज तुमच्या कन्सॉर्शियमला, म्हणजे भागीदार संस्थांच्या गटाला, तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात, त्या अटीचे मूळ तिथे आहे. त्या काळी संशोधनासाठी करारात स्वतंत्र प्रकरणसुद्धा नव्हते. ते 1987 मध्ये अमलात आलेल्या एकल युरोपीय कायद्याने आणले.

एस्प्रि यशस्वी झाला का, असे तू विचारशील. बड्या कंपन्यांना जगज्जेत्या करण्याचा हेतू धरला, तर उत्तर नकारार्थी द्यावे लागते. 1990 मध्ये निक्सडॉर्फ सीमेन्सच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी आयसीएलचा मोठा हिस्सा जपानच्या फुजित्सूने घेतला. पण त्या कार्यक्रमाच्या कडेकडेने जे उगवले, ते मला अधिक शिकवून गेले. एआरएम या प्रसिद्ध संगणकीय चिपचा मूळ प्रोसेसर सोफी विल्सन यांच्या जोडीने घडवणारे स्टीव्ह फर्बर 1990 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आले आणि चिपमधले सगळे काम एका तालात ठेवणाऱ्या घड्याळाच्या ठोक्याशिवाय चालणारा एआरएम घडवण्याच्या खटपटीला लागले. अ‍ॅम्युलेट या नावाच्या त्या कामाला एस्प्रिमधल्या एका प्रकल्पाचा आधार होता. बाजारात त्याने उलथापालथ केली नाही, पण कमी विजेत चालणाऱ्या गणनयंत्रांचा विचार करणारी माणसे त्या प्रयोगशाळेत तयार झाली. पुढे फर्बर यांचेच स्पिनेकर हे मेंदूच्या धर्तीवर रचलेले यंत्र युरोपच्या ह्यूमन ब्रेन प्रोजेक्टचा भाग बनले आणि 2018 मध्ये त्यात दहा लाख प्रोसेसर एकत्र चालू लागले. दोन कार्यक्रमांच्या मध्ये वीस-पंचवीस वर्षे गेली, आणि त्या काळात टिकून राहिली ती माणसे आणि त्यांचे कसब.

ह्यूमन ब्रेन प्रोजेक्टचा इतिहासही तुझ्या कामाचा आहे. 2013 मध्ये तो दहा वर्षांसाठी आणि सुमारे 100 कोटी युरोंच्या घोषणेसह सुरू झाला. संपूर्ण मेंदूची संगणकीय प्रतिकृती उभी करण्याचे आश्वासन त्यात होते. वर्षभरातच, 2014 च्या जुलैमध्ये, शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी आयोगाला खुले पत्र लिहून त्याच्या दिशेवर आणि कारभारावर आक्षेप घेतले. मध्यस्थ नेमावा लागला आणि व्यवस्थापनाची रचना बदलावी लागली. शेवटी संघाकडून प्रत्यक्षात आलेली रक्कम 40 कोटी युरोंच्या आसपास होती. 2023 मध्ये प्रकल्प संपला तेव्हा हाती राहिले ते मेंदूचे सविस्तर नकाशे, संशोधकांना वापरता येणारी एब्रेन्स ही सामायिक व्यवस्था आणि स्पिनेकरसारखी यंत्रे. या गोष्टी मोलाच्या आहेत, परंतु सुरुवातीला दिलेले वचन यांच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. ‘परिणाम’ लिहिताना हात आपोआप मोठ्या क्रियापदांकडे जातो. त्या वेळी हा प्रकल्प आठव. प्रकल्प संपल्यावर दुसऱ्या दिवशी कोणती वस्तू, कोणाच्या हातात आणि कोणत्या अटींवर असेल, हे तुला सांगता आले पाहिजे. जे सांगता येत नाही, ते लिहू नकोस.

याचे एक चांगले उदाहरण तुझ्याच क्षेत्रात आहे. एडिंबरा विद्यापीठात काम केलेले संशोधक फिलिप कोन यांनी युरोपीय संसदेच्या कामकाजाची वेगवेगळ्या भाषांतली वृत्ते वाक्यावाक्यांनी जुळवून युरोपार्ल हा भाषासंग्रह तयार केला, आणि युरोमॅट्रिक्स या युरोपीय प्रकल्पाचा आधार मिळालेले मोझेस हे यंत्रानुवादाचे सॉफ्टवेअर 2007 मध्ये मुक्त परवान्याने सर्वांसाठी खुले झाले. पुढे मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मराठीसह अनेक भारतीय भाषांमधल्या यंत्रानुवादाचे प्रयोग केले, तेव्हा तेच सॉफ्टवेअर त्यांच्या हाताशी होते. ब्रुसेल्समध्ये ज्याने त्या प्रकल्पाला मंजुरी दिली, त्याच्या मनात मराठी असण्याचे काहीच कारण नव्हते. परवाना मुक्त होता आणि सॉफ्टवेअरचा संकेत (कोड) नीट लिहिलेला होता, म्हणून तो आयआयटीच्या पवईपर्यंत पोहोचला. आज ती पद्धत मागे पडली आहे, पण एका पिढीने तिच्यावर हात बसवला. तुमचे प्रारूप (मॉडेल) आणि विदा (डेटा) कोणत्या परवान्याने खुले होणार, हे एका ओळीत गुंडाळू नकोस; माझ्या मते तुझ्या विभागातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद तोच आहे.

आता तुझ्या विषयामागचे धोरण. संघाच्या 24 अधिकृत भाषा आहेत आणि त्यांची तांत्रिक अवस्था फार असमान आहे. 2012 मध्ये मेटा-नेट या संशोधन जाळ्याने 30 युरोपीय भाषांची पाहणी करून त्यांपैकी किमान 21 भाषांना डिजिटल जगातून नामशेष होण्याचा धोका असल्याचे सांगितले होते. दुसऱ्या बाजूला संघाचा डिजिटल दशकाचा धोरण कार्यक्रम आहे, ज्यात 2030 पर्यंत 80 टक्के प्रौढांना पायाभूत डिजिटल कौशल्ये यावीत असे लक्ष्य ठेवले आहे. 2023 मध्ये हे प्रमाण सुमारे 56 टक्के होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ज्या आजीला फॉर्म भरता येत नाही, पण आपल्या बोलीत आपली अडचण सांगता येते, तिच्यासाठी बोली ओळखणारी प्रणाली काय करू शकते, हा तुमचा ‘परिणाम’ आहे. कोणत्या नगरपालिकेच्या कोणत्या खिडकीवर ती बसवली जाणार, तिथले कर्मचारी भागीदार आहेत का, चुकीचे ऐकले गेले तर दाद कोणाकडे मागायची, हे लिही. इथेच विदा संरक्षणाचा कायदा आणि 2024 मध्ये अमलात आलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा तुमच्याशी थेट संबंधित होतात, कारण माणसाचा आवाज ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. हे कायदे नैतिकतेच्या परिशिष्टात उरकून टाकणारे प्रस्ताव मी पुष्कळ वाचले आहेत आणि ते परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत.

पैशाचे दरही वाचायला शीक, कारण त्यांतून देणाऱ्याचा हेतू दिसतो. संशोधनाच्या प्रकल्पाला पात्र खर्चाच्या 100 टक्क्यांपर्यंत निधी मिळतो, तर बाजाराजवळच्या नवोपक्रमात नफा मिळवणाऱ्या कंपनीला 70 टक्के. जागा, वीज यांसारख्या अप्रत्यक्ष खर्चासाठी वर 25 टक्के. बाजाराजवळच्या कामात लाभ कंपनीला होणार असेल, तर धोक्याचा वाटाही तिने उचलावा, ही एस्प्रिच्या काळची समज त्यात अजून शिल्लक आहे.

भारतातल्या तुझ्या जुन्या महाविद्यालयाला भागीदार करण्याचा विचार चांगला आहे, पण घाई करू नकोस. भारत आणि युरोपीय समुदाय यांच्यात 2001 पासून विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार आहे. त्यानंतरच्या दशकात इयू-इंडियाग्रिड प्रकल्पात सी-डॅक आणि टीआयएफआर यांसारख्या आपल्या संस्था युरोपीय संगणक-जाळ्याशी जोडल्या गेल्या. तरीही 2014 पासून भारतीय संस्थांना या कार्यक्रमातून आपोआप निधी मिळत नाही. त्या सहभागी होऊ शकतात, पण बहुधा आपला खर्च त्यांना भारतातून उभा करावा लागतो. हे महाविद्यालयाला पहिल्याच पत्रात स्पष्ट सांग. नंतर कळले की मन दुखावते आणि संबंध तुटतात.

तुझ्यासाठी मात्र वेगळे दार उघडे आहे. संघाच्या निधीतून पीएचडीचे संशोधक घडवणाऱ्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी डॉक्टरेट जाळ्यांत राष्ट्रीयत्वाची अट नाही आणि संशोधकाला नोकरीचा करार मिळतो. अट आहे ती स्थलांतराची: आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक राहिलेली असू नयेस. तू सध्या ज्या देशात आहेस तिथे तुझी पात्रता येत्या काही महिन्यांत संपेल, म्हणून दुसऱ्या देशांतल्या जागा आतापासून पाहायला लाग. आणि एखादे लहान, स्वतःचे साधन बांधायचे असेल, तर नेदरलँड्समधली एनएलनेट ही संस्था नेक्स्ट जनरेशन इंटरनेट या संघाच्या उपक्रमाच्या निधीतून मुक्त सॉफ्टवेअरसाठी 5,000 ते 50,000 युरोंची अनुदाने देत आली आहे. मॅस्टोडॉन हे मुक्त समाजमाध्यम आणि पीअरट्यूब हे व्हिडिओंचे मुक्त व्यासपीठ यांना त्यातून मदत झाली. होरायझन युरोपच्या 2025 च्या कामाच्या मसुद्यात या उपक्रमाचे नाव नाही असे 2024 मध्ये दिसले, तेव्हा अनेक मुक्त सॉफ्टवेअर संस्थांनी खुले पत्र लिहून तो टिकवण्याची मागणी केली. मला ती मागणी पूर्णपणे पटते. एवढ्या थोड्या पैशात इतक्या लोकांच्या उपयोगी पडणारा दुसरा मार्ग मी या व्यवस्थेत पाहिलेला नाही.

तूर्त या आठवड्यात दोनच कामे कर. कॉर्डिस या संघाच्या संशोधन प्रकल्पांच्या ऑनलाइन संग्रहात जाऊन तुमच्या विषयावरचे पाच संपलेले प्रकल्प शोध आणि त्यांनी खुले केलेले काही आज वापरता येते का, हे स्वतः डाउनलोड करून पाहा. मग ज्या नगरपालिकेचे नाव प्रस्तावात आहे, तिथल्या खिडकीपाशी अर्धा दिवस बसून ये. त्यानंतर लिहिलेले पहिले पान मला पाठव. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, तेव्हा फोनवर ओळीओळीने वाचू.

तुझा शुभचिंतक