तिने आज किती बेअरिंगं बाद केली?

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीत राहतो. चोवीस वर्षं रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर आहे. माझ्या हाताचं ग्रीस साबणाने जात नाही. मुलीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून बारावी सायन्सनंतर कर्ज काढून तिला विमान देखभालीच्या एएमई अभ्यासक्रमाला घातलं. वर्गातली दोन वर्षं संपली, आता प्रॅक्टिकलसाठी ती एका व्हील शॉपमध्ये जाते. पहाटे साडेपाचला घर सोडते आणि चार महिने झाले, दिवसभर चाकांची बेअरिंगं धुते, बघते, ग्रीस भरते. नातेवाईक हसतात. तिचा मावसभाऊ माइंडस्पेसमध्ये एसीत बसतो. मध्यंतरी मी तिला म्हटलं, बेअरिंग धुतलं की एअर गनने गरागरा फिरवून आवाज ऐक, लगेच कळतं. तर माझ्यावरच चिडली, दोन दिवस बोलली नाही. तिची दोन मॉड्यूल राहिली आहेत. तिला यातून काढून बीएस्सी आयटीला घालू का? आणि नवी मुंबईचं विमानतळ घराजवळच आलंय, तिथे काही जमेल का?
– एक वडील, ऐरोली

उत्तर :

नमस्कार भाऊ,

आधी एअर गनचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथेच सापडलं. बेअरिंग हवेवर फिरवून ऐकायची सवय आपल्याकडच्या वर्कशॉपांत जुनी आहे, तुम्ही एकटे नाही. पण धुतलेल्या बेअरिंगात तेलाचा थेंब उरलेला नसतो. कोरडा रोलर कोरड्या रेसवर, म्हणजे तो ज्या कड्यावर फिरतो त्यावर, घासला जातो, आणि हवेचा झोत त्याला बघता बघता इतका वेग देतो की केज, म्हणजे रोलरना धरून ठेवणारी जाळी, तुटून रोलर गोळीसारखे सुटू शकतात. म्हणून विमानाच्या शॉपमध्ये वाळवायची हवा कोरडी आणि गाळलेली लागते, झोत रोलरच्या लांबीच्या दिशेने धरायचा असतो आणि बेअरिंग हाताने पकडून ठेवायचं असतं, फिरू द्यायचं नसतं. तुमची लेक हे शिकली आणि चोवीस वर्षं बेअरिंग हाताळणाऱ्या बापासमोर त्यावर ठाम राहिली. उद्या विमान उशिरात असताना एखादा सीनिअर 'चल, सही कर' म्हणेल, तेव्हा तिला असंच ठाम राहावं लागणार आहे. ती चिडली हे वाचून मला फार बरं वाटलं.

आता तिचं रोजचं काम बघू. एअरबस ए३२० ला मागे चार मुख्य चाकं आणि पुढे दोन. प्रत्येक चाकात दोन टेपर्ड (निमुळत्या) रोलर बेअरिंग, म्हणजे एका विमानाला बारा. विमान उतरतं तेव्हा वजन साठ टनांच्या आसपास आणि वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या जवळपास असतो. मागचा टायर साधारण ४६ इंच व्यासाचा. हिशेब करा : हवेत स्थिर असलेलं चाक धावपट्टीला टेकताच क्षणभरात सेकंदाला अठरा-एकोणीस फेऱ्या घ्यायला लागतं, तेही भार अंगावर घेऊन. त्यानंतर ब्रेकची उष्णता, मग तासभर उभं राहणं, मग परत उड्डाण. तुमच्या कंपनीतला कन्व्हेअर एकाच गतीने चालतो. बेअरिंग गेलं तर लाइन थांबते, तुम्ही पुलर लावता, नवं बसवता आणि दुपारी लाइन सुरू होते. हवेत ही सोय नाही. म्हणून टायर बदलायला चाक शॉपमध्ये आलं की बेअरिंग चांगलं चालत असलं तरी निघतं, धुतलं जातं आणि भिंगाखाली जातं.

धुणं हे तपासणीसाठी असतं. जुनं ग्रीस पूर्ण निघाल्याशिवाय पोलाद दिसतच नाही. आणि दिसल्यावर काय बघायचं, यात खरी विद्या आहे. रेसवर रोलरच्या अंतराने खळगे दिसले तर भार किंवा आघात सहन झाला नाही. याला ब्रिनेलिंग म्हणतात. स्वीडनचे अभियंते योहान ब्रिनेल यांनी १९०० साली कठीण गोळी धातूवर दाबून उमटलेला खळगा मोजायची रीत मांडली, त्यांचंच हे नाव. पण तसेच दिसणारे उथळ डाग उभ्या यंत्राच्या नुसत्या थरथरीनेही पडतात. ते फॉल्स ब्रिनेलिंग, त्याचं कारण वेगळं. पृष्ठभागाचा पापुद्रा सुटून खवले पडले असतील तर धातू थकला आहे. निळसर-तपकिरी झाक आली असेल तर बेअरिंग तापलं होतं, मग ग्रीस कमी पडलं की ब्रेकची आच लागली, हे शोधायचं. आणि रोलरच्या अंतराने काळ्या रेघा ओढल्यासारख्या दिसल्या तर आत पाणी शिरून विमान उभं राहिलं होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही खूण ओळखणारी नजर सोन्याच्या मोलाची. पहिले तीन-चार महिने हे सगळे डाग सारखेच वाटतात. शेकडो बेअरिंगं हातांखालून गेल्यावरच नजर बसते, पुस्तकातल्या फोटोंनी ती बसत नाही. चार महिने तिला एकाच टेबलावर ठेवलं हे मला तेवढ्यासाठी चुकीचं वाटत नाही.

ती हातमोजे घालते का, विचारा. घालत असेल, आणि कापडही धागे न सुटणारं वापरत असेल. उघड्या बोटाच्या घामाचा ठसा पॉलिश केलेल्या रेसवर राहिला की तिथेच गंज धरतो. धुतलेलं बेअरिंग तसंच ठेवून जेवायला जाता येत नाही. लगेच ग्रीस भरायचं किंवा संरक्षक तेल लावून कागदात गुंडाळायचं. उलट कंट्रोलच्या पुल्यांमधली सीलबंद बेअरिंगं सॉल्व्हंटमध्ये बुडवायचीच नसतात, आतलं कारखान्यातलं ग्रीस धुऊन निघतं आणि परत भरता येत नाही. म्हणजे 'साफसफाई' या एका शब्दाखाली किती वेगवेगळे निर्णय आहेत बघा.

ग्रीसचंही तेच. मातीच्या आधाराचं ग्रीस आणि लिथियमचं ग्रीस मिसळलं तर दोन्ही बिघडतात, पातळ होऊन बाहेर येऊ शकतात. दोन्ही डबे शेल्फवर शेजारी असले तरी मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घ्यायचं. भरतानाही वरून लेप देऊन चालत नाही. रोलरच्या रुंद टोकाकडून दाबत दाबत पलीकडून बाहेर येईपर्यंत भरायचं. शेवटी विमानावर चाक चढवतानाही चाक फिरवत एक्सल नट आधी जास्त टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळतात, सोडतात आणि मग कमी टॉर्कने पुन्हा आवळतात, म्हणजे रोलर जागच्या जागी बसतात. हे तुम्हाला हाताने माहीत आहे, तिला ते आकड्यानिशी आणि सहीनिशी करावं लागतं.

नातेवाईक हसतात म्हणता, म्हणून दोन घटना सांगते. ९ मे १९८७ रोजी वॉर्साजवळ पोलंडच्या लॉट कंपनीचं इल्युशिन-६२ विमान पडलं, १८३ माणसं गेली. इंजिनातल्या एका रोलर बेअरिंगमध्ये २६ रोलर हवे होते, होते फक्त १३. तिथून शाफ्ट तुटला आणि इंजिन फाटलं.

दुसरी घटना ३१ जानेवारी २००० ची. अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, ८८ जणांपैकी कोणी वाचलं नाही. शेपटीतला आडवा पंख वर-खाली करणारा एक लांब स्क्रू असतो, त्यावरच्या नटचे आटे झिजून सोलून निघाले होते. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने कारण दिलं : वंगण पुरेसं नव्हतं. समुद्रातून काढलेल्या स्क्रूच्या कामाच्या भागावर उपयोगी ग्रीस सापडलं नाही. कंपनीने ग्रीसिंगच्या पाळीचं अंतर वर्षांमागून वर्षं वाढवत नेलं होतं. शेवटचं ग्रीसिंग करणाऱ्या मेकॅनिकने हे काम साधारण तासाभरात होतं असं सांगितलं. उत्पादकाच्या अंदाजाने ते नीट करायला चार तास लागतात. भाऊ, त्या तीन तासांचा फरक मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक एएमईच्या विद्यार्थ्याला सांगते. कागदावर काम झालेलं होतं. तुमच्या मुलीच्या टेबलावर रोज तोच प्रश्न असतो, की कागदावर झालेलं काम बेअरिंगमध्येही झालं आहे का. मावसभावाचं काम चांगलंच असेल, मी त्याला कमी लेखत नाही. पण हिच्या कामावर हसायचं काही कारण नाही.

आता तुमची खरी भीती. तुम्हाला वाटतंय ती कायम धुतच राहील. ही भीती अगदी खोटी नाही. मॉड्यूल पूर्ण न करता, लायसन्स न घेता टेक्निशियन म्हणून अडकून राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात कौशल्य असतं, सहीचा अधिकार नसतो, आणि पगार व मान दोन्ही सहीपाशी अडतात. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या सीएआर-६६ नियमांप्रमाणे लायसन्सला दोन पाय आहेत : मॉड्यूलच्या परीक्षा, ज्यात पास व्हायला ७५ टक्के लागतात, आणि नोंदवलेला प्रत्यक्ष अनुभव. त्यानंतर विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानासाठीची पात्रता. म्हणून तिची लॉगबुक बघा. 'बेअरिंग क्लीनिंग' एवढंच रोज लिहिलं जातंय, की तपासणी, बाद केल्याचं कारण, मॅन्युअलमधला संदर्भ आणि सुपरवायझरची सही हे सगळं आहे? नसेल तर आजपासून लिहायला लावा, मागची पानं नंतर कोणी भरून देत नाही. आणि सहा महिने पूर्ण झाल्यावरही तोच एक टेबल असेल, तर तिने स्वतः, लेखी आणि नम्रपणे ब्रेक, लँडिंग गिअर, हँगर आणि लाइनवर फिरवायची विनंती करावी. लेखी दिल्याशिवाय अशा विनंत्या विसरल्या जातात.

राहिलेल्या दोन मॉड्यूलांत सातवं असेल तर उत्तमच. देखभालीच्या पद्धतींचं हे मॉड्यूल, आणि त्याच्या अभ्यासक्रमात बेअरिंगची तपासणी, सफाई, वंगण, दोष आणि त्यांची कारणं हा स्वतंत्र भाग आहे. म्हणजे सकाळी ती जे हाताने करते तेच रात्री वाचायचं. इतका सोपा अभ्यास तिला परत मिळणार नाही.

नजर खरोखर तयार झाली आणि तिला तेच आवडायला लागलं तर एनडीटीचा विचार जरूर करा, म्हणजे भाग न मोडता एडी करंट, डाय पेनेट्रंट, चुंबकीय कण अशा रीतींनी तडे शोधण्याचं काम. व्हील शॉपमध्ये चाकाच्या हबवर एडी करंट चालतंच, तिने तिथल्या माणसाशी ओळख काढावी. ही विद्या विमानाबाहेर वीजकेंद्रांत, रिफायनरीत, रेल्वेतही चालते.

विमानतळाबद्दल थोडक्यात. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं, आणि ऐरोलीच्या मुलीला ट्रान्स-हार्बरवरून उलव्याकडे जाणं सांताक्रूझपेक्षा सोपं पडेल, हे खरं. पण जवळचं विमानतळ ही नोकरीची हमी नाही. उड्डाणांदरम्यानची किरकोळ तपासणी प्रत्येक विमानतळावर लागते, तिथे लायसन्सवाल्यांना मागणी राहील. मोठी दुरुस्ती आणि चाकांची शॉप्स कुठे उभी राहतील हे कंपन्या ठरवतात. तिने लायसन्स मिळवण्याकडे लक्ष द्यावं, घरापासूनच्या अंतराकडे नको.

बीएस्सी आयटीला घालू का, हा प्रश्न मात्र मी एकटीने सोडवणार नाही. तुमच्या कंपनीतून एखादं बाद झालेलं टेपर्ड रोलर बेअरिंग गेट पास घेऊन घरी आणा. रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, या वेळी न फिरवता. रविवारी चहाच्या वेळी तिच्यासमोर जुन्या पेपरवर ठेवा आणि एवढंच विचारा, 'याला काय झालं असेल?' तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी मध्ये बोलू नका. तिने खिडकीपाशी नेऊन ते उजेडात तिरकं धरलं, रोलर मोजले, नखाने कडा चाचपली, तुम्हालाच उलटे प्रश्न विचारायला लागली, तर तिला तिथेच राहू द्या आणि नातेवाइकांना सांभाळायचं काम तुम्ही घ्या. तिने नुसतं बघून बाजूला ठेवलं आणि मोबाइल उचलला, तर तिला घेऊन माझ्याकडे या, आपण तिघं बसू. कर्जाचा हप्ता किती राहिला आहे तेही येताना लिहून आणा.