मालिकेत गेलं की नाटकातला नट बिघडतो का?

तुम्ही विचारलंय की तीन वर्षं एकांकिका केल्यात, आता मालिकेत बोलावलंय, गेलो तर नाटकातला अभिनय बिघडेल का. आणि दोन्हीकडे टिकलेला नट कोण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो: दिलीप प्रभावळकर. पहिल्यावरून मात्र माझं एका माणसाशी गेली काही वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे जरा लांबेल.

मी सांगलीचा. तीस वर्षं बँकेत कारकून होतो आणि रजा शिल्लक ठेवायचो ती राज्य नाट्य स्पर्धेसाठी. सांगलीकराला नाटकाचा माज असतो, तो मलाही आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथं केलं, हे आम्ही परगावच्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो.

आमच्या ग्रुपच्या दिग्दर्शकांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, इथंही तेवढंच पुरे. सरांचं तत्त्व एकच: शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुझा श्वाससुद्धा ऐकू गेला पाहिजे. शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालायची तेव्हा ते सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे आणि शब्द पोचला नाही की चप्पल काढून बाकावर आपटायचे. मी त्या चपलेच्या आवाजावर घडलोय.

२०१८ साली कोल्हापूरजवळच्या एका गावात मालिकेचं शूटिंग चालू होतं. ओळखीतून मला दोन दिवसांचं काम मिळालं, गावातल्या डॉक्टरचं. कॉल टाइम सकाळी सातचा, माझा सीन लागला दुपारी पावणेचारला. कागद हातात आला त्याच्या दहा मिनिटं आधी. वाक्यं दोनच: “ताप उतरलाय. आता काळजी करू नका.”

म्हटलं, हे काय काम आहे! आणि दिलं ठणकावून. साउंडवाल्यानं कानावरचे हेडफोन झटक्यात काढले. दिग्दर्शक माझ्या मुलाच्या वयाचा. मॉनिटरमागून उठून आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “काका, ती तुमच्यापासून दोन फुटांवर उभी आहे. तिला सांगा. सांगलीला नका सांगू.”

सगळं युनिट हसलं. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

मास्टर शॉट, म्हणजे सगळा सीन एका दमात घेतलेला, कसाबसा ओके झाला. मग माझा क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचा शॉट. वाक्यं तीच, आवाज आता बेतात, मला वाटलं जमलं. तर कोपऱ्यात वही घेऊन बसलेली कंटिन्युइटीची, म्हणजे आधीचा शॉट आणि आताचा जुळतो का ते बघणारी, पोरगी म्हणते, “काका, मास्टरमध्ये तुम्ही चष्मा ‘ताप’वर काढला होता. आता ‘काळजी’वर काढलात.” तीस वर्षांत मी कुठल्या शब्दावर चष्मा काढतो हे कुणी पाहिलं नव्हतं. मला स्वतःला माहीत नव्हतं. दर प्रयोगाला हात वेगळीकडे जायचा आणि त्याला मी उत्स्फूर्त अभिनय म्हणायचो. सात टेक झाले. सातव्याला चष्मा ‘ताप’वर निघाला आणि पहिल्यांदा मी समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून बोललो. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते बघून माझा पुढचा शब्द आपोआप हळू आला.

परतीच्या एसटीत एकच विचार डोक्यात होता. आपण तीस वर्षं स्टेजवर बायकोशी, मुलाशी, मरणाऱ्या बापाशी बोललोच नाही. सगळं शेवटच्या रांगेशी बोललो.

त्या वर्षीच्या स्पर्धेत माझी म्हाताऱ्या बापाची भूमिका होती. शेवटच्या प्रवेशात मुलाला “जेवलास का?” एवढंच विचारायचं असतं. मी ते त्याच्याकडे बघून, घरात विचारतात तसं विचारलं. हॉल गप्प झाला. ऐकू गेलं का? गेलं. स्टेजच्या कडेला फूटमाइक लावलेले होते, हल्ली बहुतेक ठिकाणी असतातच, श्वासाच्या तत्त्ववाल्यांच्या नाटकालाही. सर मागे लाइटवाल्याशेजारी उभे होते. लाइटवाल्याला स्वच्छ ऐकू गेलं, त्यानं मला नंतर सांगितलं. सर मात्र मेकअप रूममध्ये आले आणि चारचौघांत म्हणाले, “मालिका करून आलास आणि आवाज विकून आलास.” पुढच्या वर्षी माझं नाव नेपथ्य साहाय्यात होतं.

आता प्रभावळकर. लहानपणी सुट्टीत गिरगावात मामांकडे जायचो तेव्हा मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ लागायचं, सत्तरच्या दशकाच्या शेवटाला. चाळीत टीव्ही एक आणि माणसं पन्नास. चिं. वि. जोशींचा चिमणराव प्रभावळकरांनी नुसता बोलून केला नव्हता. खांदे आत ओढलेले, मान किंचित पुढे, कुणीतरी आत्ता रागावणार आहे अशी नजर. शेजारी बाळ कर्वे गुंड्याभाऊ. हे सगळं त्या इवल्याशा काळ्यापांढऱ्या डब्यात मावत होतं. आणि याच माणसानं रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त चिंची चेटकीण केली होती, बालनाट्यातली, म्हणजे हातभर मोठी, मागच्या रांगेतल्या पोरांनाही दचकवणारी. दोन्ही मापं एकाच शिंप्याकडे.

टीव्हीनं नट बिघडत असता तर ते चिमणरावनंतर बिघडायला हवे होते. त्यांचं ‘हसवाफसवी’ त्याच्यानंतरचं. स्वतः लिहिलेलं, एकाच प्रयोगात सहा भूमिका. मी ते थिएटरात पाहिलंय. सगळे विगांबद्दल आणि झटपट कपडे बदलण्याबद्दल बोलतात, पण माझ्या लक्षात राहिले ते म्हातारे गायक नट कृष्णराव हेरंबकर. आधी तासभर पोट धरून हसलेला हॉल त्या म्हाताऱ्यापुढे हळूहळू आवरून बसतो. तिथं नजर, थरथर, मध्येच हरवणं सगळं बारीक आहे, क्लोजमध्ये शोभेल इतकं, आणि तरी मागे बसलेल्या मला दिसत होतं. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकातही त्यांनी आरडाओरडा करून बाप उभा केला नाही.

मग अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आलं. त्यांच्याच ‘अनुदिनी’ या वर्तमानपत्री सदरावरून बेतलेलं, दिग्दर्शन केदार शिंदे. तेव्हा प्रभावळकर साठीलाही आले नव्हते, पण त्यांनी केलेले आजोबा, आबा टिपरे, बघताना आमच्या घरात कुणाच्या डोक्यात तो हिशेब आला नाही. आबा कधी ‘संवाद म्हणत’ नाहीत. पेपरातून डोकं वर न काढता बोलतात, मधेच थांबतात, सुनेला चहा मागताना आवाजात किंचित अपराधीपणा असतो. आमची आई ती मालिका संपल्यावर माझ्या वडिलांकडे बघून हसायची.

हे मी सरांना तोंडावर सांगितलं. सर म्हणाले, “ते अपवाद.” बरं, मग विक्रम गोखले घ्या. पणजी दुर्गाबाई आणि आजी कमलाबाई दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात, १९१३ साली, वडील चंद्रकांत गोखले, स्वतः विजयाबाई मेहतांच्या दिग्दर्शनाखाली ‘बॅरिस्टर’ नाटकात. यापेक्षा रंगभूमीचं रक्त आणखी कुठून आणायचं? त्यांनी ‘अग्निहोत्र’ मालिका केली, ‘अनुमती’ चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार घेतला, आणि २०१६ साली गळ्याच्या त्रासामुळे नाटक थांबवलं. कॅमेऱ्यापुढचं काम त्यानंतरही चालू होतं. आवाज मालिकेनं विकला जातो म्हणे! मोठ्या आवाजाला नाटकवाले फार किंमत देतात असं माझं मत झालंय. मोठा आवाज लिलाववाल्याचाही असतो.

थोडं सरांच्या बाजूनंही लिहितो, नाहीतर इथं कॉमेंटमध्ये कुणीतरी येईलच. टिपरे आठवड्यातून एकदा यायचं. तुम्हाला बोलावलंय ती रोजची मालिका असणार. बारा-तेरा तासांच्या शिफ्ट, तालीम नाही, पानं सेटवर, आणि एखाद्यानं “मी उद्या येतो” म्हटलं तरी त्यावर तुमच्या चेहऱ्याचे तीन बाजूंनी तीन लुक. सहा महिने हेच केलं तर चेहरा तेवढ्या तीनच लुकवर येतो, हे मी ओळखीतल्या पोरांत पाहिलंय. शिवाय मोठी भूमिका असेल तर नाटकाच्या दौऱ्याला तारखा मिळत नाहीत. ट्रॅकच, म्हणजे कथेचा धागाच, बदलला तर हातचं कामही जातं. तिथं सर बरोबर आहेत. पण ती कामाच्या पद्धतीची तक्रार झाली, कॅमेऱ्याची नव्हे. शनिवार-रविवार प्रयोग आणि आठवडाभर मालिका असं करणारे पुष्कळ आहेत, करार करताना तेवढं आधी बोलून घ्या. लिहून घ्या.

तर, जा. एखादं नाटक मात्र हातात ठेवा, हौशी असलं तरी चालेल. सेटवर पहिले चार दिवस कंटिन्युइटीवाल्याशेजारी बसा, दिग्दर्शकाशेजारी नको. आणि तुमचे कुणी ‘सर’ असतील तर मालिका सुरू झाल्यावरच सांगा.

पैशाचंही विचारायला हवं होतंत, ते विचारलं नाहीत. नाटकात नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, बहुतेक प्रयोगाला हातात पडते, मालिकेत दिवसाचा हिशेब असतो आणि तो साधारण तीन महिन्यांनी मिळतो. तेवढं घरभाडं बाजूला ठेवून जा. माझ्या दोन दिवसांचे साडेतीन महिन्यांनी आले. त्यातूनच मी ग्रुपची त्या वर्षीची वर्गणी भरली. पावती माझ्याकडे आहे, खाली सरांची सही आहे.