'ब्लॉकबस्टर' हा सिनेमाचा शब्द युद्धातून आलाय हे खरं का?

हो, खरं आहे. तिकिटाची रांग चौक ओलांडून जायची म्हणून 'ब्लॉकबस्टर', ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती मागाहून जोडलेली आहे.

मूळ ब्लॉकबस्टर म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा 4,000 पौंडी, सुमारे 1,800 किलोचा बॉम्ब. 1941 पासून तो जर्मन शहरांवर पडू लागला. पत्रा पातळ, आत स्फोटकं ठासून भरलेली. त्याच्या दणक्यानं आसपासच्या घरांची कौलं उडायची, खिडक्या फुटायच्या आणि मागून टाकलेले आगलावे बॉम्ब थेट घरात शिरायचे. अख्खा ब्लॉक, म्हणजे चार रस्त्यांमधला इमारतींचा सगळा पट्टा, उडवणारा म्हणून वृत्तपत्रांनी त्याला हे नाव दिलं. 1942-43 मध्ये अमेरिकेतल्या बातम्यांत ते सर्रास दिसतं.

तिथून जाहिरातीत यायला वेळ लागला नाही. 1943 मध्येच, युद्ध चालू असताना, हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीनं 'बॉम्बार्डियर' चित्रपटाच्या जाहिरातीत हा शब्द वापरला. तेव्हा वाचणाऱ्याला त्यातला बॉम्ब लगेच कळायचा. पुढे 1950 च्या दशकात तो तुफान कमाईच्या सिनेमांना चिकटला. त्या बॉम्बखाली माणसं राहत होती, हे मात्र शब्दातून पुसलं गेलं, आणि मला ते फार लागतं.