‘एवढंही कळत नाही का मला?’ : ऑनलाइन बुद्धिबळ शिकताना होणारी चिडचिड

“बुद्धिबळासाठी कोणी समुपदेशकाकडे येतं का हो, मॅडम?” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं.

येतं. अलीकडे बरेच जण येतात. फक्त सुरुवातीला ‘झोप लागत नाही’, ‘उगाच चिडचिड होते’ एवढंच सांगतात आणि बुद्धिबळाचा विषय फार उशिरा निघतो. या बाईंनी तो पहिल्याच वाक्यात काढला, त्यामुळे आमचा बराच वेळ वाचला. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या पुढे, शाळेत गणित शिकवतात. लहानपणापासून सोंगट्या कशा चालतात एवढंच ठाऊक होतं. मग फोनवर खेळायला लागल्या, पझल सोडवली, ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे व्हिडिओ पाहिले आणि रॅपिडचं, म्हणजे दहा-दहा मिनिटांच्या डावांचं रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) ८०० वरून १००० च्या जवळ नेलं. तिथून काही आठवड्यांत ते घसरत पुन्हा ८०० वर आलं. रात्री कामं आटोपली की दहा मिनिटांचा एक डाव, एवढंच ठरलेलं असायचं. तो हरला की दुसरा, दुसरा हरला की तिसरा. मग ‘आता दहा-दहा मिनिटं कुठे घालवू’ म्हणून तीन मिनिटांचे झटपट डाव, म्हणजे ब्लिट्झ. फोन खाली ठेवेपर्यंत साडेबारा-एक वाजायचा, डोकं तापलेलं असायचं आणि डोळे मिटले की समोर तोच फुकट गेलेला वजीर.

पण त्या माझ्याकडे आल्या त्या वेगळ्याच कारणाने. एकदा वह्या तपासताना एका मुलाच्या चुकलेल्या गणिताखाली त्यांनी लाल पेनने लिहिलं, ‘एवढंही कळत नाही?’ इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी लिहिलं नव्हतं. वाक्य खोडलं, पण ते कुठून आलं हे त्यांना लगेच उमगलं. आदल्या रात्री त्या स्वतःला हेच म्हणत होत्या.

“माझी बुद्धीच कमी पडते का? की या वयात शिकायला घेतलं म्हणून? की मला याचं व्यसन लागलंय?” बहुतेकांचे प्रश्न हेच असतात, फक्त क्रम बदलतो.

व्यसनाचं आधी बघितलं, कारण ती भीती मनात असताना माणूस दुसरं काही ऐकून घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, आणि या सगळ्याने कुटुंब, काम, दिनक्रम गंभीरपणे विस्कटणं, असं चित्र साधारण वर्षभर तरी दिसावं लागतं. बाईंची शाळा, घर, माणसं सगळं जागच्या जागी होतं. झोप मोडली होती आणि स्वभावाला धार आली होती. ते दुरुस्त करण्यासारखं होतं.

मग मी त्यांना माझ्यासमोर एक डाव खेळायला सांगितला. मी काही बुद्धिबळातली जाणकार नाही, आणि पटाकडे बघतही नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते. पहिली काही मिनिटं छान गेली. चाल करण्याआधी थांबत होत्या, ओठांनी काहीतरी मोजत होत्या. मग समोरच्या घोड्याने राजाला शह दिला आणि त्याच चालीत वजीरही कोंडीत धरला. त्यांचा श्वास अडकला, खांदे वर गेले. त्यानंतरच्या चाली एका-एका सेकंदात पडू लागल्या. घड्याळात अजून सहा मिनिटं शिल्लक होती, पण उरलेला डाव त्यांनी मिनिटभरात संपवला. निकालाची चौकट पडद्यावर येते न येते तोच अंगठा ‘नवा डाव’च्या बटणावर गेलाही होता. मी हात पुढे करून थांबवलं.

“आत्ता काय चाललं होतं मनात?”

“भरून काढायचं होतं. लगेच.”

मला जे सांगायचं आहे ते या ‘लगेच’भोवतीच आहे. हरल्याचं दुःख सोसतं. ते आत्ताच्या आत्ता पुसून टाकायची घाई मात्र आणखी डाव घालवते. वजीर गेल्यावर सहा मिनिटं वापरली नाहीत ती याच घाईने, आणि रात्री तिसरा डाव सुरू केला तोही हिच्याच जोरावर. गंमत म्हणजे ब्लिट्झचं आणि रॅपिडचं रेटिंग वेगवेगळं असतं. ब्लिट्झ कितीही जिंकले तरी रॅपिडमधली घट भरून निघत नाही. हे त्यांना माहीत होतं, पण रात्री बाराला ते आठवत नव्हतं.

गणिताच्या शिक्षिका आहेत म्हटल्यावर मी रेटिंगचं गणित त्यांच्यापुढेच मांडलं. ही पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती १९७० मध्ये स्वीकारली. माणसाचा खेळ रोज सारखा नसतो, तो एका सरासरीच्या वर-खाली होत राहतो, हे एलोंनी गृहीतच धरलं होतं. रेटिंग म्हणजे त्या सरासरीचा अंदाज. लिचेस, चेस डॉट कॉम यांसारख्या साइटवर मार्क ग्लिकमन यांची ग्लिको ही पद्धत किंवा तिची पुढची आवृत्ती वापरतात. तिच्यात आकड्याबरोबर तो आकडा कितपत भरवशाचा आहे, याचाही हिशेब असतो. ज्या आकड्याचे जनक स्वतः त्याला अंदाज म्हणतात, त्याला आपण आपल्या बुद्धीचा निकाल समजून बसतो.

शिवाय साइट आपल्याला आपल्याच तोडीचा खेळाडू शोधून देते. म्हणजे बरोबरीचे डाव सोडले तर निम्मे डाव हरणं ठरलेलंच आहे. तुम्ही सुधारलात की समोरचाही वरचा येतो आणि पुन्हा निम्मे. मी त्यांना घरी सोडवायला एक गणित दिलं: दोन्ही बाजूंना सारखी संधी असेल तर शंभर डावांत कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता किती? पुढच्या भेटीत त्या वहीच घेऊन आल्या. सलग पाचची शक्यता सुमारे ८१ टक्के, सलग सहाची सुमारे ५५. “म्हणजे खेळ जराही न बिघडता हे होणार?” त्यांनी विचारलं. होणार. आणि प्रत्येकाला होणार.

मग तेच सारखं का बोचत राहतं? डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे चपखल बसतो: जेवढं मिळाल्याचा आनंद होतो, त्यापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त असतं. आठ गुण मिळाले तर बरं वाटतं, आठ गेले तर जिव्हारी लागतं. निम्मे डाव हरायचेच असतील, तर रेटिंग तसूभरही न हलता मन मात्र रोज तोट्यातच राहणार. शिकणाऱ्याला हे आधी कोणी सांगत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पुष्कळ चांगली माणसं इथेच खेळ सोडून देतात.

तरी जवळजवळ २०० गुणांची घसरण नुसत्या नशिबाची नव्हती, आणि हेही त्यांना स्पष्ट सांगणं भाग होतं. साइटवर प्रत्येक डावाची वेळ नोंदलेली असते. त्या नोंदी काढून आम्ही दोन ढीग केले, रोजचा पहिला डाव एकीकडे आणि त्यानंतरचे दुसरीकडे. पहिल्या डावांत हार-जीत जवळपास सारखी होती. उशिरा रात्रीच्या डावांत बहुतेक हारच, जणू खेळणारी बाईच दुसरी. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने चार डावांत साधारण तीन गुण (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा) घ्यावेत, अशी एलोच्या गणिताची अपेक्षा असते. म्हणजे ८०० हा आकडा मध्यरात्री दमून, चिडून खेळणाऱ्या बाईंचा होता. ताज्या डोक्याने, ओठांनी मोजत खेळणाऱ्या बाईंना तो लावायचं कारणच नव्हतं. हे कळलं तेव्हा त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.

बुद्धी कमी पडते का, याचं उत्तरही इथेच द्यायला हवं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली की निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली पुन्हा मांडायचा. पण सोंगट्या पटावर कशाही विखरून मांडल्या तर त्याचा हा फायदा जवळपास नाहीसा व्हायचा. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही अफाट नव्हती. खऱ्या डावांत येणाऱ्या रचना त्याने हजारो वेळा पाहिल्या होत्या. घोड्याचा दुहेरी हल्ला आपल्याला दिसला नाही, तर याचा अर्थ तो अजून पुरेशा वेळा पाहिलेला नाही. वाढत्या वयात ही भर हळू पडते, पण पडते. आणि नुसत्या चुकीवरून बुद्धी मोजायची तर २००६ मध्ये विश्वविजेता क्रॅमनिक डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रामविरुद्ध एका चालीत होणारी मात बघायची विसरला होता, त्याचं काय करायचं?

“पण मग राग यायलाच नको ना?” असं त्यांनी एकदा विचारलं. राग येणार. जून २०२५ मध्ये नॉर्वे चेसमध्ये गुकेशकडून हरल्यावर मॅग्नस कार्लसनने टेबलावर एवढी जोरात मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. इतकी वर्षं जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या माणसालाही तो आवरला नाही. तुम्ही-आम्ही तो येऊच नये अशी अट स्वतःला का घालायची? राग आल्यावर पुढची पाच मिनिटं काय करायचं, एवढं ठरवता येतं.

आम्ही ठरवलं ते असं. डाव हरला की फोन पालथा ठेवायचा आणि उठायचं. डाव नेमका कुठे फिरला हे आधी स्वतः आठवायचं आणि वहीत एका ओळीत लिहायचं, विशेषण न लावता. ‘मूर्खासारखी खेळले’ चालणार नाही, ‘घोड्याची चाल बघितली नाही’ चालेल. इंजिनची, म्हणजे चुका दाखवणाऱ्या संगणकाची तपासणी दुसऱ्या दिवशी. तापलेल्या डोक्याने घोडचुकांपुढच्या त्या लाल दुहेरी प्रश्नचिन्हांकडे बघणं म्हणजे स्वतःच्या वहीवर स्वतःच शेरा मारणं, आणि तो अनुभव त्यांना होताच. सलग दोन हरले की त्या दिवसापुरतं बंद.

पहिल्या आठवड्यात दोनचा नियम मोडला. मोडला म्हणून त्या आणखी चिडल्या. तेव्हा लक्षात आलं की अकरा वाजता मनाच्या निर्धाराकडून एवढी अपेक्षा करणंच चूक आहे. मग खेळायची वेळच संध्याकाळी आणली आणि रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. निम्मी सुधारणा या एका बदलाने झाली, असं माझं मत आहे. लिचेसवर रेटिंग लपवायची सोय आहे, तीही त्यांनी काही दिवस वापरली. त्यांना बरं वाटलं. सगळ्यांनाच वाटतं असं नाही. काहींना लपवलेला आकडा बघायची ओढ जास्त लागते.

वहीतल्या ओळींनी एक काम आपोआप केलं. थोड्या दिवसांत दिसायला लागलं की बहुतेक डाव दोनच कारणांनी जातात: समोरच्याचा घोडा, आणि आधार नसलेली सोंगटी. आधी ‘मला येत नाही’ एवढं एकच ढोबळ दुःख होतं, आता सरावाला दोन नेमके विषय मिळाले. पझलमध्ये त्यांनी तेवढेच प्रकार निवडले. चाल करण्याआधी ‘समोरच्याला आता कुठे शह देता येईल, काय मारता येईल’ हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावली. डावाच्या मध्यात वजीर गेलाच, तर घड्याळातला वेळ वापरायचा. हजाराच्या खालच्या पातळीवर समोरचाही थोड्या वेळात काहीतरी देऊन बसतो, हे त्यांनी पुढे स्वतःच अनुभवलं.

समोरचा संगणक लावून खेळतो आहे, ही शंकाही चिडलेल्या मनाला हमखास येते. कधी ती खरी असते. तक्रारीचं बटण दाबावं आणि विषय सोडावा. लबाडी सिद्ध झाली तर मोठ्या साइट गेलेले गुण परत देतात. त्याचे जुने डाव उघडून रात्री तपास करत बसू नये.

घरच्यांनाही थोडं सांगावंसं वाटतं. बाईंचे यजमान चांगले आहेत, पण “एवढ्याशा खेळासाठी कसलं रडतेस” हे त्यांचं वाक्य त्यांना पराभवापेक्षा जास्त लागलं होतं. मोठ्या वयात, कोणाला दाखवायला नव्हे तर स्वतःला आवडतं म्हणून माणूस काहीतरी शिकायला घेतो. रोज निम्म्या वेळा हरतो आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. त्याची टर उडवू नका. “कुठे फिरला डाव?” एवढं विचारलंत तरी पुरे, भले उत्तर समजलं नाही तरी.

ज्यांची झोप महिनोन् महिने मोडलेली आहे, जे खेळतो हे घरात लपवतात, ज्यांचं काम किंवा अभ्यास सुटत चालला आहे, किंवा हरल्यावर स्वतःला इजा करावीशी वाटते, त्यांनी वही आणि नियमांवर थांबू नये. प्रत्यक्ष भेटावं, लवकर भेटावं.

बाईंचं रेटिंग सध्या ९०० च्या थोडं वर आहे. १००० परत आलेलं नाही आणि त्या ते रोज बघतही नाहीत. मुलांच्या वह्यांवर आता चुकीच्या पायरीखाली रेघ असते आणि बाजूला ‘इथून पुन्हा कर’. परवा त्यांचा निरोप आला: “सलग सहा डाव गेले, मॅडम. पण सहा वेगवेगळ्या दिवशी.”